वरच्या खांबापाशी

परवा सकाळी कॉलनीत टँकर आला. नळाला पाणी येऊन आठ दिवस होऊन गेले होते, त्यामुळं सगळे ड्रम-बादल्या घेऊन गेटपाशी जमले आणि नेहमीप्रमाणं भांडण जुंपलं. कुणाचा नंबर आधी, कुणाचा पाइप आखूड, कुणाच्या घरी माणसं चार आणि ड्रम सात. मी बाल्कनीत चहा घेऊन उभा होतो. टँकरचा व्हॉल्व उघडला तसा गंजाचा आणि शेवाळाचा वास वर आला, आणि माझा चहा तिथंच थांबला. बायको म्हणाली, "काय झालं?" काही नाही, म्हटलं. हे "काही नाही" मला फार चांगलं जमतं.

दर वर्षी चैत्र अर्धा सरला की असं होतं. ऊन चढतं, गुलमोहर लाल होतो, शेजारीपाजारी आंब्याच्या भावाचं बोलतात, आणि मी एका जुन्या उन्हाळ्यात जाऊन बसतो. तेव्हा गावाचं नाव अजून औरंगाबादच होतं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. धरणात गाळाला भेगा पडलेल्या, पेपरात रोज तेच फोटो. आणि गंमत बघा, त्याच वर्षी शहराला वाढीचं वारं लागलं होतं. छावणीच्या पुढं दौलताबाद रस्त्यानं निघालं की दोन्ही हातांना प्लॉटांच्या पाट्या. दगड उभे करून चुन्याच्या रेघा मारलेल्या, आणि प्रत्येक रेघेत एक बोअरचं मशीन घुर्र घुर्र करत जमिनीत घुसत असायचं. पाणी लागायचं नाही, नुसती पांढरी भुकटी उडायची. पडेगावच्या कडुलिंबांची पानं त्या उन्हाळ्यात हिरवी दिसलीच नाहीत.

अशा त्या वर्षी मला, चाळिशी ओलांडलेल्या, वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळणाऱ्या शहाण्या माणसाला, खडकावर चढणारी गाडी बांधायचं खूळ लागलं.

कशाला, असं बायकोनं तेव्हा विचारलं होतं. कुठंतरी व्हिडिओ पाहिला होता. चार मोठाली चाकं, मध्ये नुसत्या पाइपांचा सांगाडा, आणि तो सांगाडा घराएवढ्या दगडावर मुंगीच्या चालीनं चढतोय. ही शर्यत वेगाची नसतेच मुळी. दगडांतून वाट आखून दिलेली असते, दोन्ही बाजूंना झेंडे, झेंड्याला चाक लागलं की गुण गेले, मागं घेतली की गुण गेले. जो सगळ्यात शांत तो जिंकतो. आणि मी कसला शांत! चहा गार व्हायची वाट न बघता जीभ भाजून घेणारा माणूस मी.

शांत होता तो रफीक. पडेगावच्या टोकाला, जिथं वस्ती संपून डोंगर सुरू होतो तिथं त्याची पत्र्याची शेड होती. फॅब्रिकेशनचं काम. कारखान्याची किरकोळ कामं मी त्याच्याकडं द्यायचो, त्यातून ओळख, ओळखीतून दोस्ती. त्या वर्षी त्याच्या शेडपुढं टाक्याच टाक्या उभ्या असायच्या. सगळ्या जिल्ह्याला टँकर हवे होते आणि टाक्या वेल्ड करणारे हात थोडे. सकाळपासून तो टाक्या करायचा आणि चार वाजले, मी कारखान्यातून सुटून आलो की हात पुसून म्हणायचा, "चल जोशी, तुझा सांगाडा."

काय मजा होती त्या कामात! जुन्या जीपचे दोन अॅक्सल आम्ही भंगारातून निवडून आणले. रफीक भंगारवाल्याशी बोलत नसे, नुसता लोखंडावर हातोडी मारून आवाज ऐकायचा आणि मान हलवायचा. पाइप वाकवायचं यंत्र मी टूलरूममधल्या डोक्यानं बनवलं, पहिले तीन पाइप चिरडले, त्यावर तो आठ दिवस हसत होता. दोन पाइप जिथं भेटतात तिथं एकाचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईत बसेल असं घासायचं असतं. मी कानशीचे दोन हात मारून म्हणायचो, बसलं. तो पाइप उजेडात धरायचा. फटीतून रेघभर उजेड दिसला की परत माझ्या हातात. "लई घाई रे तुला. ही गाडी उलटली तर ह्या जोडावर तुझी मुंडी राहणार हाय. घास अजून." आणि मग मी घासायचो. घामानं चष्मा घसरायचा, ग्राइंडरचा जळका वास नाकात बसायचा, आणि डोंगराकडून झळा यायच्या. त्या दिवसांत मी सुखी होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण होतो.

तहान लागली की आम्ही हौदावर जायचो. रफीकच्या वस्तीची खरी दौलत तो हौद होता. सगळ्या शहरात ठणठणाट, आणि ह्या चाळीसेक घरांच्या मधोमध दगडी हौदात बोटभर धार अखंड पडत असायची. जुनी नहर. डोंगराच्या पोटातून जमिनीखालून खापराच्या नळांतून आलेली, कुठल्या काळी कुणी बांधली कोण जाणे. वाटेत ठिकठिकाणी आतून पोकळ दगडी खांब उभे केलेले, हवेसाठी आणि उतरून साफ करण्यासाठी. महापालिकेचा नळ नाही, बिल नाही, काही नाही. त्या पाण्याला किंचित मातकट गोडी होती. माठातलं पाणी त्यापुढं काहीच नाही.

आणि ती नहर सांभाळायचे रफीकचे वडील, नूरचाचा. कुणी नेमलेलं नव्हतं. त्यांचे वडील करायचे म्हणून ते. होळी झाली की एक दिवस ठरवून, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून चाचा खालच्या खांबातून आत उतरायचे. मुळ्या तोडायच्या, गाळ टोपलीत भरून वर द्यायचा, फुटलेला नळ असेल तर ताग आणि चुन्यानं सांधायचा. "एक दिवसाचं काम असतंय," ते म्हणायचे, "पण वेळेवर केलं तर." त्या दिवशी वस्तीत गोड भात व्हायचा. दुष्काळ किती आले नि गेले, धार तुटली नाही, असं ते हौदाच्या कठड्यावर बसून कुणालाही सांगायचे. मला तर दहादा सांगितलं असेल.

त्या वर्षी मात्र ते उतरले नव्हते. गुडघे सुजले होते. रफीकला म्हणाले, तू उतर. रफीक म्हणाला, ह्या टाक्या उरकल्या की उतरतो. टाक्या कसल्या उरकतात! शेवटी चाचाच म्हणाले, राहू दे, एक वर्ष नाही केलं तर काय होतंय.

सांगाडा मार्चअखेर उभा राहिला आणि आम्ही डोंगरात जायला लागलो. रोज संध्याकाळी चार ते सहा. टायरांतली हवा जवळजवळ सगळी सोडायची, म्हणजे रबर दगडाला बिलगतं. सगळ्यात खालचा गिअर टाकायचा. मग ड्रायव्हरचं काम फारसं उरत नाही, कारण त्याला पुढच्या चाकाखालचं काही दिसतच नाही. दिसतं ते पुढं पायी चालणाऱ्याला. रफीक माझ्याकडं तोंड करून उलटा चालायचा, नजर चाकांवर. मूठ मिटली की थांब. एक बोट म्हणजे केसभर डावीकडं. तळहात खाली म्हणजे सोड हळू. एकदा गाडी अशी कलली होती की मला बाजूच्या पाइपांमधून थेट दरी दिसत होती. तो म्हणाला, "सोड." मी म्हटलं, "उलटेल!" तो म्हणाला, "जोशी, माझ्याकडं बघ. सोड." मी सोडली. उलटली नाही. त्याच्या शब्दावर मी जीव सोपवून बसायचो, रोज, आणि त्याचं मला काही वाटतही नसे.

आता तो शुक्रवार.

फर्दापूरजवळच्या डोंगरातल्या नाल्यात कुठल्याशा क्लबानं शर्यत ठेवली होती. ती आठ दिवसांवर आलेली. मी सुट्टी काढून दुपारीच शेडवर पोचलो. रफीक नमाजाला निघाला होता, टोपी डोक्यावर, हातपाय धुतलेले. म्हणाला, "तीन वाजता जाऊ. बस तोपर्यंत, चाचांशी गप्पा मार." मी हो म्हटलं. दहा मिनिटं बसलो. मग गाडी काढली. अरे, तीन वाजेपर्यंत थांबलो असतो तर काय आकाश कोसळणार होतं? पण नाही.

वर, चौथ्या चढावर, दोन दगडांत मागचं चाक रुतलं. पुढून दाखवणारं कुणी नाही. मी इकडं तिकडं करत आणखी रुतवलं. गाडीच्या पुढं विंच होती, म्हणजे विजेवर गुंडाळणारी तारेची दोरी. ती कशाला तरी बांधायची आणि गाडीनं स्वतःलाच ओढून काढायचं. त्या डोंगरावर झाड कुठलं? निवडुंगाच्या जाळीत कमरेएवढा एक दगडी खांब दिसला. मला वाटलं, जुना हद्दीचा दगड असेल. खरं सांगू? मला तसं वाटलं नव्हतं. खाली वस्तीत तसलेच खांब मी महिनाभर बघत होतो. पण तेव्हा मला तो हद्दीचा दगड वाटायला हवा होता, म्हणून वाटला. पट्टा गुंडाळला, हूक अडकवला आणि बटण दाबलं.

तार ताणली. गाडी वीतभर हलली. मग खांब झुकला, अगदी सावकाश, आणि त्याचे दगड एकेक करत आत गेले. बाहेर पडले नाहीत, आत गेले. खोल कुठंतरी धडधड झाली, खापर फुटल्याचा आवाज आला, आणि मग त्या भोकातून वास आला. त्या उन्हाळ्यात पाण्याचा वास ओळखायला कुणाला शिकवावं लागत नव्हतं. गार, कोंदट, शेवाळाचा. मी वाकून बघितलं. काळोख, आणि खळखळ. हळूहळू ती खळखळही थांबली.

पुढं मी काय केलं ते सांगतो. निवडुंगाची मोडकी झुडपं ओढून मी त्या भोकावर टाकली. वर दगड रचले. मनाशी म्हणालो, एखादं जनावर पडेल. जनावराची काळजी वाहणारा मी मोठा! मग जॅक लावून, चाकाखाली दगड सारून, दीड तासानं गाडी काढली. पट्ट्याला जुना चुना लागला होता, तो झटकून झटकून काढला. खाली आलो तर रफीक शेडच्या दारात. "एकटा गेला होतास?" "जरा फिरवली." "कुठं अडकली नाही ना?" "नाही रे."

खालच्या नळांत साठलेलं पाणी तीन दिवस पुरलं असावं; चौथ्या दिवशी हौदाची धार बारीक झाली. पाचव्या दिवशी थेंब. सहाव्या दिवशी तेही नाहीत. वस्तीतल्या बाया हौदाभोवती हंडे घेऊन नुसत्या उभ्या होत्या. नूरचाचा कठड्यावर बसले होते. मला बघून त्यांनी हाक मारली. रफीकच्या आईनं माझ्या हातात चहाचा कप दिला, पाणी नसलेल्या घरातला चहा. चाचा म्हणाले, "बेटा, तू रोज वर जातो. रफीकचं ध्यान तर चाकांवर असतंय. काही दिसलं का? वरचा खांब ठीक हाय ना?"

"ठीक आहे चाचा," मी म्हणालो. "वर सगळं जसंच्या तसं आहे."

"बघितला ना तू? निवडुंगातला?"

"बघितला. उभा आहे."

त्यांनी मान हलवली. मग आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "मंग माझ्यामुळंच. उतरलो नाय मी यंदा. अडलं असल कुठं, नाय तर आटलं. रुसलं ते." आणि मी चहा प्यायलो. पूर्ण कप प्यायलो.

का खोटं बोललो, ते मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. शर्यत दोन दिवसांवर होती. खरं सांगितलं असतं तर रफीक कुदळ घेऊन डोंगरावर गेला असता आणि त्याच्याशिवाय माझी गाडी दहा फूट चालली नसती. एवढंच. ह्याच्यापुढं काही कारण नाही, कितीही खणलं तरी. शर्यत झाली की सांगू, असं ठरवलं होतं मी. माणूस स्वतःला किती छान फसवतो.

फर्दापूरला आमचा दुसरा नंबर आला. त्या नाल्यातले काळे दगड उन्हात इतके तापले होते की रफीकच्या चपलेचा तळ चिकटत होता. वस्तीत पाणी नाही, बाप कठड्यावर सुन्न बसलेला, तरी हा माणूस माझ्यासाठी आला होता. दिवसभर माझ्यापुढं उलटा चालत होता. शेवटच्या दगडावर त्यानं मूठ मिटली, मी थांबलो. त्यानं तळहात खाली केला, मी सोडली. लोक टाळ्या वाजवत होते. त्यानं सळई धरून मला बाहेर ओढलं आणि मिठी मारली, आणि माझे हात त्याच्या पाठीवर गेलेच नाहीत.

परत आल्यावर सांगायचं होतं. मग वस्तीला टँकर सुरू झाला. रफीकनंच बनवलेली टाकी होती ती. मग वाटलं, आता पाणी येतंय, आता सांगून काय. मग पाऊस आला, बरा झाला, पण हौद कोरडाच. तेव्हा सांगायला हवं होतं. खापराचे चार नळ, ताग आणि चुना, एक दिवसाचं काम. मग दिवाळी आली. दिवस गेले की गोष्ट सोपी होत जाईल असं वाटायचं, ती उलट जड होत गेली. गाडी मी एका हौशी माणसाला देऊन टाकली. सगळ्यांना सांगितलं, पाठ दुखते.

नूरचाचा रोज सकाळी खालच्या खांबापाशी जायचे. आत हात घालून ओल लागते का बघायचे आणि परत यायचे. वस्तीतले लोक त्यांना काही म्हणत नव्हते, पण कुणी हौदावर बसून त्यांच्या गोष्टीही ऐकत नव्हतं. तीन हिवाळे काढले त्यांनी. मी मयताला गेलो होतो. सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती दिली. त्या हातानं काय काय केलं होतं ते फक्त मला माहीत होतं.

आता त्या डोंगराचा उतार कापून काढलाय. रो-हाऊसेस झालीत, रांगेनं, एकाच रंगाची, कमानीवर कुठल्याशा झऱ्याचं नाव. निवडुंगाची जाळी जिथं होती तिथं अंदाजे त्यांचं क्लबहाऊस असावं. मी एकदा गेलो होतो, घर बघायला आलोय असं खोटं सांगून. वॉचमननं आपुलकीनं सगळीकडं फिरवलं. म्हणाला, साहेब, बाकी सगळं एक नंबर, फक्त पाण्याचा जरा प्रॉब्लेम आहे.

तर परवा तो टँकर आला, मी "काही नाही" म्हटलं, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, चहा तसाच ठेवून मी स्कूटर काढली. रफीकच्या दाढीत आता काळा केस शोधून सापडत नाही. शेड पक्की झालीय, टाक्या गेल्या, आता रो-हाऊसांची गेटं आणि जिन्याचे कठडे. मला बघून त्याला आनंद झाला. "आज इकडं कसा रे? बस, चहा सांगतो." मी म्हटलं, चहा नको, आधी ऐक. आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. शुक्रवार, पट्टा, निवडुंग, चुना, चाचांचा प्रश्न, माझं उत्तर. एकही गोष्ट गाळली नाही. बोलताना माझा आवाज फुटत होता आणि त्याची मला चीड येत होती, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

तो ओरडेल असं वाटलं होतं. मारेल असंही वाटलं होतं, आणि खरं तर तेच हवं होतं. तो हातातला पाइप बाजूला ठेवून खाली बसला.

"उभा आहे, असं म्हणाला होतास तू?" त्यानं विचारलं.

"हो."

"त्याच संध्याकाळी वस्तीतले चौघं निघाले होते वर," रफीक म्हणाला. "कुदळी घेऊन, दोर घेऊन. मी बी होतो त्यात. म्हटलं, वरचा खांब बघून तर येऊ. अब्बांनी वाटेत अडवलं. म्हणाले, कशाला उन्हातान्हात मरता? मी जोशीला विचारलंय. तो खोटं बोलायचा नाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. निघाले होते ते. कुदळी घेऊन निघाले होते.